आधी वीज कोणाला?

सातारा-सांगलीकडच्या शिक्षकांशी बोलताना एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा भेटतो : "वीज क्षणभर गेली आणि आली. तेव्हापासून संगणकातले नेटवर्क कार्ड दिसत नाही. जळाले का?" नवे कार्ड घेण्यापूर्वी थोडा विचार करू.

पीसीआय-एक्सप्रेस खाचेतून कार्डाला १२ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि साहाय्यक ३.३ व्होल्ट असे तीन पुरवठे मिळतात. यांतला आधी कोणता यावा? मानक म्हणते, कोणत्याही क्रमाने चालेल! त्याआधीच्या पीसीआयमध्येही चार पुरवठ्यांना क्रमाचे बंधन नव्हते.

मग गोंधळ का होत नाही? म्हैसाळची उपसा सिंचन योजना आठवा. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढते. खालून पुरेसे पाणी आल्याशिवाय वरचा पंप चालवता येत नाही. तसेच, सर्व पुरवठे स्थिर होईपर्यंत मदरबोर्ड कार्डाला 'थांब' असा रीसेट संकेत देतो. पुरवठे स्थिर झाल्यावरही तो किमान १०० मिलिसेकंद टिकतो. पुढे एखादा पुरवठा मर्यादेबाहेर गेला, तर तो पुन्हा द्यावाच लागतो.

क्रमाची काळजी मग कार्ड बनवणाऱ्याने घ्यायची. चिपला स्वतःची वीज मिळण्याआधी तिच्या एखाद्या पायावर बाहेरून विद्युतदाब आला, तर तिथल्या संरक्षक डायोडातून प्रवाह आत शिरतो. कधी त्यामुळे चिपमधील चार थरांचा एक नकोसा मार्ग खुला होतो आणि मोठा प्रवाह वाहू लागतो. याला 'लॅच-अप' म्हणतात. वीज तोडल्याशिवाय तो सहसा थांबत नाही. चिप जळूही शकते.

वीज क्षणभरच गेली, तर कपॅसिटरांतील विद्युतभार पुरता उतरत नाही. कार्डाचा एक भाग बंद आणि दुसरा अर्धवट जागा, असे होऊ शकते. म्हणून संगणक बंद करा, प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा. तरीही कार्ड दिसले नाही, तर तंत्रज्ञाला बोलवा.

संगणक बंद दिसला तरी प्लगमध्ये असेपर्यंत साहाय्यक पुरवठा चालू असू शकतो. म्हणून प्लग काढल्याशिवाय कार्ड बसवू किंवा काढू नये.

मदरबोर्डावर छोटा दिवा असेल, तर मुलांना एक प्रयोग दाखवा. झाकण आधीच उघडून ठेवा, आत हात घालू नका. प्लग काढल्यावर दिवा विझायला किती सेकंद लागतात, ते मुलांना मोजू द्या. 'वीज गेली' आणि 'वीज संपली' यांतले अंतर त्यांना डोळ्यांनी दिसेल.