दूध उकळले, एवढ्याने भागते काय?



तीन-चार आठवडे येऊन-जाऊन राहणारा ताप, संध्याकाळची कणकण, रात्री घामाने भिजलेले अंथरूण, कंबर व सांध्यांत ठणका आणि दिवसेंदिवस वाढणारा अशक्तपणा, अशी तक्रार घेऊन एखादा रुग्ण येतो. हिवतापाची तपासणी झालेली असते, विषमज्वराची औषधेही घेऊन झालेली असतात. अशा वेळी अनुभवी डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात : "घरी गाई-म्हशी आहेत काय? निरसे दूध घेता काय?" उत्तर होकारार्थी आले, तर ब्रुसेलोसिस या रोगाची रक्ततपासणी करून पाहावी लागते.

ब्रुसेलोसिस हा जनावरांपासून माणसाला होणारा रोग आहे. तो बाधित जनावराच्या न तापवलेल्या दुधातून होतो. तसाच गाभडलेल्या जनावराची वार, मृत गर्भ किंवा स्राव उघड्या हाताने उचलल्यानेही होतो. उपचार उपलब्ध आहेत, परंतु दोन प्रतिजैविके साधारणपणे सहा आठवडे नियमाने घ्यावी लागतात. मध्येच औषध सोडले, तर रोग पुन्हा उलटतो. हातावर पोट असलेल्या पशुपालकाचे एवढे दिवस कामावाचून जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. म्हणूनच यंदाच्या अहवालात दुधाच्या स्वच्छतेविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचे योजिले आहे.

या रोगाचा इतिहास उद्बोधक आहे. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिक अशाच तापाने आजारी पडत. 1887 साली डेव्हिड ब्रूस यांनी या तापाचा जिवाणू शोधला. तो कोठून येतो हे मात्र उमगत नव्हते. 1905 साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांना तो वरकरणी निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला. 1906 साली सैनिकांना शेळीचे निरसे दूध देणे बंद झाले आणि त्यांच्यातील रुग्णांची संख्या झपाट्याने उतरली. जनावर दिसावयास धडधाकट आहे, म्हणून त्याचे दूध निर्धोक ठरत नाही, हा त्यातील धडा होय.

बेलपाडा : गाव आणि नगर

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे मूळचे शेतीचे गाव. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झाल्या आणि भातखाचरांच्या जागी खारघरच्या इमारती उभ्या राहिल्या. 2016 पासून हा परिसर पनवेल महानगरपालिकेत आहे. 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोचे एक स्थानकही बेलपाडा या नावाने ओळखले जाते. मात्र शहर आले तरी रतीब संपलेला नाही. एका घरात पिशवीचे पाश्चराइज्ड दूध येते, तर शेजारच्या घरात गवळ्याचे सुटे. "डोळ्यांसमोर काढलेले धारोष्ण दूध अंगी लागते," हा समजही तसाच टिकून आहे. पंचामृतासाठी तर अनेक घरांत आवर्जून निरसे दूध घेतात आणि ते लहानमोठे सर्वजण तीर्थ म्हणून प्राशन करतात. तापवून निववलेल्या दुधाचे पंचामृत केल्याने भक्तीत उणेपणा येत नाही आणि लेकरांचे आरोग्य राखले जाते.

उकळण्याने काय साधते?

दूध चांगले उकळले की ब्रुसेलोसिसचे, क्षयाचे आणि हगवणीचे बहुतेक जिवाणू मरतात. दुग्धशाळेत हेच काम पाश्चरीकरणाने होते : दूध 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे किंवा 72 अंशांना 15 सेकंद तापवून लगेच थंड करतात. यास्तव सुटे दूध उकळल्याशिवाय कोणीही घेऊ नये. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत तर या नियमाला अपवादच नसावा.

तथापि उकळण्याच्याही मर्यादा आहेत. जनावराला दगडी, म्हणजे कासदाह झाला असेल, तर दुधात स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू येतात. दूध बराच वेळ उष्ण हवेत राहिले, की ते वाढून विष तयार करतात. उकळल्याने जिवाणू मरतात, पण ते विष शिल्लक राहते. दगडीवर दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरतो. तोही उकळून पूर्णपणे जात नाही. तिसरा धोका चाऱ्यातून येतो. पावसाळ्यात ओल लागलेल्या पेंडीवर, सरकीवर व धान्यावर बुरशी चढते आणि तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होऊ शकते. ते दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृतास घातक ठरते. असा खुराक खाल्लेल्या जनावराच्या दुधात त्याचा अंश साधारण एका दिवसाच्या आत उतरतो, आणि उकळूनही तो नाहीसा होत नाही.

दुधाविषयी बोलताना आपण सर्वप्रथम भेसळीची चिंता करतो. ती अनाठायी नाही. परंतु भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 साली देशभर केलेल्या पाहणीचे आकडे विचार करावयास लावणारे आहेत. एकूण 6,432 नमुन्यांपैकी आरोग्यास घातक अशी भेसळ केवळ 12 नमुन्यांत आढळली. उलट अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असलेले नमुने सुमारे 5.7 टक्के होते, तर प्रतिजैविकांचे 1.2 टक्के. बहुसंख्य नमुने सुरक्षित होते, ही समाधानाची बाब. पण जेथे दोष होता, तेथे त्याचे मूळ बहुधा गोठ्यात व खुराकात होते.

गोठ्यातील साधे नियम

चार-दोन जनावरे पाळणाऱ्या कुटुंबालाही पुढील गोष्टी फारशा खर्चावाचून करता येण्याजोग्या आहेत.

धार काढण्यापूर्वी नखे कापलेले हात साबणाने धुवावेत. कास व सड स्वच्छ पाण्याने धुऊन प्रत्येक जनावरासाठी वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसावेत. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून पाहाव्यात. गुठळ्या, पाणचटपणा किंवा रक्त दिसल्यास ते दूध इतर दुधात मिसळू नये. अंगठा मुडपून सड ओढण्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढावी, म्हणजे सडाला इजा होत नाही. धार काढल्यावर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत आणि जनावरापुढे वैरण टाकावी. खाण्याच्या निमित्ताने ते अर्धा तास उभे राहते, तेवढ्यात सडांची तोंडे मिटतात.

भांडी स्टीलची, अरुंद तोंडाची व झाकणाची असावीत. ती आधी थंड पाण्याने विसळून मग गरम पाण्याने व साबणाने घासावीत आणि उन्हात पालथी वाळवावीत. दूध गाळून लवकरात लवकर थंड करावे. अनुकूल उष्णतेत काही जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबाने एका जिवाणूचे चार तासांत चार हजारांहून अधिक होतात. शीतपेटी नसेल, तर दुधाची कॅन निदान थंड पाण्याच्या हौदात ठेवावी.

पेंड व सरकी जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावी. कुबट वास येणारा खुराक टाकून देणेच हिताचे. औषध दिलेल्या जनावराचे दूध पशुवैद्यांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत विकू नये. म्हैस किंवा गाय गाभडल्यास वार व गर्भ उघड्या हाताने उचलू नये; पशुवैद्यांस कळवून चुन्यासह खोल पुरावा. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 4 ते 8 महिने वयाच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस दिली जाते. ती आयुष्यात एकदाच द्यावयाची असते. त्या वयातील संधी दवडू नये.

आपला वाटा

घरी आलेले दूध लगेच उकळावे, निववून शीतकपाटात ठेवावे. उकळल्यावरही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि कोमट दुधात पुन्हा वाढतात. रुग्णासाठी सकाळी भरलेले कोमट दूध दुपारपर्यंत थर्मासमध्ये ठेवून पाजण्याची पद्धत म्हणूनच सोडून द्यावी. नातेवाइकांनी दूध तापवून वाफाळते असतानाच भरावे व लवकर संपवावे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. दगडी झालेल्या म्हशीचे दूध चार-सहा दिवस ओतून देणे हा छोट्या गवळ्याला मोठा तोटा असतो. रतीब घेणारे आपण केवळ दर पाहिला, तर तो तोटा सोसून खरे बोलणाऱ्याला शिक्षा आणि गप्प राहून दूध घालणाऱ्याला बक्षीस मिळते. "आज दूध नाही, म्हशीला औषध चालू आहे," असे सांगणाऱ्या गवळ्याचा रतीब तोडू नका. त्याचाच रतीब कायम ठेवा. गोठ्यात रोज हात घालणारी त्याच्या घरची बाईमाणसे व मुले या रोगांना सर्वांत आधी बळी पडतात, याचेही स्मरण असावे.

रुग्णालय रोग बरा करू शकते. तो होऊच न देण्याचे काम मात्र गोठ्यात आणि स्वयंपाकघरात व्हावयाचे असते. आपल्या देणगीइतकेच आपले हे सहकार्यही आम्हांस मोलाचे वाटते.