सोनेगावची पहाट

मुंबई गोदीतल्या १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटाबद्दल मिळेल ते मी गेली कित्येक वर्षं वाचत आलो आहे. ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळा भरलेल्या जहाजाचा तो स्फोट. त्या वाचनातून मला एक प्रश्न चिकटला. न वापरलेला दारूगोळा जुना झाला की जातो कुठे? त्या प्रश्नापायी नवी मुंबईतल्या जुईनगरहून निघालो आणि वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला उतरलो.

इथलं केंद्रीय दारूगोळा भांडार देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. गावकऱ्यांच्या लेखी तो नुसता ‘डेपो’. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली. भोवतालची गावं अंधारात घरं सोडून निघाली. आग एका शेडपुरती रोखली गेली, पण त्यासाठी १९ जणांचे प्राण गेले. त्यांत दोन अधिकारी आणि आगीशी भिडलेले अग्निशमन कर्मचारी व जवान होते.

संशय आला तो रणगाडाविरोधी सुरुंगांवर. त्यांत टीएनटी वितळवून ओततात. शुद्ध टीएनटी साधारण ८० अंशांना वितळतं, पण त्यात अशुद्ध घटक राहिले तर उष्णतेनं तेलकट द्रव पाझरू लागतो. विदर्भातला मे म्हणजे पारा ४५ च्या घरात. मग दोष भरणाऱ्याचा की साठवणाऱ्याचा? माझ्या मते पाझर दिसलेला सुरुंग भांडारात पडून राहतो, तिथेच उत्तर आहे. धोका कळल्यावरही तो माल हलवायचा कोणी, हे ठरायला वेळ लागतो, आणि उन्हाळा त्या निर्णयासाठी थांबत नाही.

असा बाद माल नष्ट करायचं मैदान सोनेगाव (आबाजी) या गावाजवळ आहे. मैदान लष्कराच्या हद्दीत, त्यामुळे बाहेरच्या माणसानं लांबूनच पाहायचं. काम ऐकायला सोपं वाटतं. खड्डे खणायचे, पेट्या उतरवून त्यांत रचायच्या, वर माती लोटायची आणि लांबून स्फोट घडवायचा. पण खड्ड्यापर्यंतचा सगळा प्रवास माणसाच्या हातांवर होतो.

२० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी तसाच माल आला होता. तो जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा होता आणि उतरवायला कंत्राटदारानं लावलेले आसपासचे मजूर होते. पेट्या उतरवतानाच स्फोट झाला. सहा जण गेले. जखमींना सावंगीच्या आचार्य विनोबा भावे रुग्णालयात नेलं.

नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. अशा दिवसांत माणूस शेत सोडून पेट्या उचलायला जातो, तेव्हा त्याला रोख मजुरीची किती निकड असेल, हे कोरडवाहू शेती पाहिलेल्याला सांगावं लागत नाही.

२०१६ च्या मृतांना देशानं मानानं निरोप दिला, आणि तो योग्यच होता. २०१८ चे बहुतेक मृत बातम्यांत ‘मजूर’ म्हणून आले आणि दोन दिवसांत मागे पडले. त्यांच्याही हातात लष्कराचंच काम होतं. दारूगोळा नष्ट करणं हे तो बनवण्याइतकंच कौशल्याचं काम आहे. ते रोजंदारीवर सोपवता कामा नये. आणि त्या सहा जणांची नावं सोनेगावच्या वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतील अशी, दगडात कोरली गेली पाहिजेत.