जामीन मंजूर, तरी माणूस आतच

नवऱ्याला अटक झाली की घरातल्या बाईला पहिला सल्ला मिळतो तो दागिने मोडून वकील देण्याचा. त्याआधी तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठावं. साताऱ्यात आहे, सांगलीतही आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. बायको तुरुंगात असेल तर नवऱ्यालाही हीच वाट.

पोलिसांनी आरोपीला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. अटकेची कारणं नातेवाइकांनाही कळवली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा ती मागायला बिचकू नये.

एका वहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : गुन्ह्याचा नंबर, कलमं आणि पहिल्या रिमांडची तारीख. ही तारीख फार मोलाची. त्या दिवसापासून ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत, पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मात्र अर्ज करावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र आलं तर हा हक्क गेला. दिवस मोजणारं माणूस घरात हवं ते यासाठी.

खरी दमछाक जामीन मंजूर झाल्यावर होते. आदेश हातात असतो आणि जामीनदार मिळत नाही. माण तालुक्यातला माणूस सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतो. अटक तिथेच होते. ओळखीचे सगळे साताऱ्याकडचे, सातबारा तिकडचा. मग ‘स्थानिक जामीनदार आणा’ असं ऐकवलं जातं. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्यावर हीच वेळ आली होती. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी हा प्रकार चुकीचा ठरवला आणि मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. या निकालाला जवळजवळ पन्नास वर्षं होत आली. तरीही परजिल्ह्यातल्या सातबाऱ्यावर कोणी नाक मुरडलं, तर वकिलाला ‘मोतीराम’ निकालाची आठवण जरूर करून द्यावी.

जातमुचलक्याची रक्कम कमी करून मागता येते, जामीनदारासाठी मुदत मागता येते. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला बजावलं. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कच्च्या कैद्याला जिल्हा समितीमार्फत आर्थिक मदत मिळू शकते. अमली पदार्थ, यूएपीए यांसारखे गुन्हे मात्र तिच्यातून वगळले आहेत.

सत्र न्यायालयाने जामीन नाकारला तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. गाडीभाडं, मुक्काम, बुडालेला रोज, सगळंच जड जाई. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा, सांगली त्याच्या कक्षेत आले. आता सांगलीची बाई सकाळी निघून संध्याकाळी घरी परतू शकते.

आपल्या गल्लीत अशी कोणी बाई असेल तर तिला १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक द्या, आणि पहिल्या तारखेला तिच्याबरोबर कोर्टात जा.