इफ्तारची द्राक्षे आणि आपले यकृत

गेली काही वर्षे रमजान द्राक्षांच्या हंगामात येतो. सांगली-साताऱ्यातल्या घरांत इफ्तारला खजुराशेजारी तासगावची द्राक्षे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असते. फळ ही अल्लाहची नेमत. पण त्यावरच्या फवारणीचाही विचार करायला हवा.

यकृत, म्हणजे जिगर, फक्त अन्न पचवायला मदत करत नाही. थायरॉईड ग्रंथीतून आलेल्या हार्मोनचा काही भाग तिथेच अधिक प्रभावी रूपात बदलतो. इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनचे काम संपले की यकृत त्याला निष्क्रिय करून पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर काढते. बाहेरून आलेली रसायनेही बहुतांशी याच एन्झाइमांच्या हाती लागतात. काही रसायने या एन्झाइमांचा वेग वाढवतात. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा वेळी थायरॉईड हार्मोन नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडताना दिसले आहे. डीडीटी तर चरबीत वर्षानुवर्षे साठून राहते. शेतीतील त्याचा वापर भारताने 1989 साली थांबवला. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बंदी घातली.

2010 साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने युरोपने भारतीय द्राक्षे अडवली. युरोपला जाणारा माल आज प्रयोगशाळेतून तपासून जातो. आपल्या मंडईतल्या प्रत्येक पेटीची मात्र तशी तपासणी होत नाही. परदेशातल्या मुलाला जी काळजी मिळते, ती मिरजेच्या मुलाला का नको?

म्हणून फळ खाणे सोडू नये; एका घडाने कोणी आजारी पडत नाही. द्राक्षे मणी सुटे करून वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत. वरचे अंश कमी होतात, आत मुरलेले मात्र निघत नाहीत. त्यासाठी शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठरलेले दिवस पाळलेच पाहिजेत. आपले बागवान भाऊ माल उचलतानाच ही तारीख विचारू शकतात. फवारणी करणाऱ्याने हातमोजे व मास्क वापरावा, घरी येताच आंघोळ करावी. त्याचे कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

शरीर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. ग्राहकाला विकलेले फळही विक्रेत्याकडची अमानतच. माप चोख ठेवण्याइतकेच माल निर्धोक ठेवणे हे हलाल कमाईत येते, असे आम्हाला वाटते.