मोरीच्या जाळीपलीकडची नोकरी

मैत्रिणींनो, तांदूळ धुतलेलं पाणी आपण आठवणीने कढीपत्त्याच्या बुडाशी ओततो. पण साबणाचं, खरकट्याचं, संडासाचं पाणी एकदा का जाळीखाली गेलं, की पुढे त्याचं काय होतं हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय? मी शाळेत अर्धवेळ परिसर अभ्यास शिकवते, तरी मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मला ते शिकवलं माझ्या पुतण्याने, गणपतीच्या सुट्टीत, कुडपणच्या घराच्या ओटीवर बसून.

कुडपण हे माझं सासर. पोलादपूर तालुक्यातलं, सातारा आणि रत्नागिरीच्या शिवेला टेकलेलं, पावसाळाभर ढगात बुडालेलं गाव. थोरल्या जाऊबाईंचा हा मुलगा बारावीनंतर शहरात गेला आणि एका मोठ्या वसाहतीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर लागला. जाऊबाई गावात नुसतं "ऑपरेटर आहे" एवढंच सांगायच्या. मागच्या वर्षी एक चांगलं स्थळ जुळत आलं होतं. मुलीच्या मामांनी विचारलं, "कसला ऑपरेटर?" उत्तर ऐकून त्यांनी चहा संपवला. नंतर निरोप काही आला नाही.

मी त्याला म्हटलं, "अरे, हे काम शिकलास कुठे?" तर हसून म्हणतो, "काकी, जुना माणूस सोडून जात होता. त्याने दोन दिवसांत दाखवलं. हे बटण दाबायचं, ते नाही दाबायचं. झालं शिक्षण!"

आता गंमत अशी, की हे काम बटणांचं नाहीच मुळी. ते विरजणाचं आहे! टाकीत कोट्यवधी जिवाणू असतात, ते पाण्यातली घाण खातात आणि वाढतात. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली ही रीत जगापुढे मांडली, आणि आजही असंख्य केंद्रं तिच्यावरच चालतात. जिवाणूंना श्वासाला हवा लागते, म्हणून टाकीत यंत्राने सारखी हवा सोडायची. विजेचं बिल वाचवायला कुणी रात्री ते यंत्र बंद ठेवलं की सकाळी पाणी काळं पडतं आणि वास सुटतो. कारखान्यातून एकदम आम्ल आलं तर विरजणात उकळतं दूध ओतल्यासारखं होतं, सगळं मरतं. मग नवं विरजण लावून ते वाढेपर्यंत थांबायचं, आणि तोवर घाण पाणी नदीला.

टाकीची तब्येत कळते कशी? एक लिटरच्या उभ्या काचेच्या भांड्यात टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास हलवायचं नाही. चिंचेच्या कोळासारखा गाळ खाली बसतो. तो किती बसला, वरचं पाणी नितळ आहे की गढूळ, हे रोज वहीत लिहायचं. दोन दिवसांच्या शिक्षणात त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गोष्टही सांगितली नव्हती, आणि तिथे माझ्या अंगावर काटा आला. एका संध्याकाळी पंप अडकला म्हणून त्याचा सोबती शिडीने गाळाच्या टाकीत उतरायला निघाला. "वास येत नाही, म्हणजे गॅस नाही," असं तो म्हणाला. पुतण्याने त्याचा शर्ट धरून त्याला मागे ओढलं. का, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. नुसती भीती वाटली. कारण पुढे प्रशिक्षणात समजलं. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू फार साठला, तर नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. वायू मोजल्याशिवाय, हवा खेळती केल्याशिवाय, कमरेला पट्टा-दोर आणि वर माणूस असल्याशिवाय उतरायचं नाही, हा तिथला पहिला धडा. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली १० लाखांवरून ३० लाख केली. पण गेलेला मुलगा आईला तीस लाखांत परत मिळतो का हो?

बॉयलर चालवायला सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, घरात वायर ओढणाऱ्यालाही परवाना लागतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सांडपाणी केंद्राच्या ऑपरेटरच्या पाच श्रेणी आहेत, दर पायरीला परीक्षा. आपल्याकडे मात्र या कामासाठी देशभर सक्तीचा असा परवाना नाही. शिकायच्या सोयी आहेत, हे खरं. नाशिकला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची 'मित्रा' ही प्रशिक्षण संस्था आहे. आयटीआयमध्ये केमिकल प्लांट ऑपरेटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. केंद्राच्या कौशल्य योजनेत, आधीपासून काम करणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. आमच्या पुतण्याने तीच वाट धरली. रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसला, पंप-व्हॉल्व्हची प्रात्यक्षिकं केली, तोंडी परीक्षा दिली आणि पास झाला. आता तो महाडजवळ एका कारखान्याच्या केंद्रावर आहे. सावित्री तिथून जवळच वाहते.

महाड म्हटलं, की चवदार तळं आठवतं. माणसाला तळ्याचं पाणी घेता यावं म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, ते हेच गाव. घाणीचं काम जन्मावरून वाटून द्यायची आपली सवय जुनी आहे. म्हणून तर त्या मामांचा चहा माझ्या मनातून जात नाही. परीक्षा देऊन मिळवलेल्या कामाला आपण कमी कसं लेखतो, हे मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या सोसायटीत असं केंद्र असेल, तर पुढच्या सभेत जरूर विचारा: तो चालवणारा माणूस कुठे शिकला? रात्री हवेचं यंत्र चालू असतं का? अर्ध्या तासाच्या परीक्षेची वही आहे का? टाकीत उतरायची वेळ आली तर वायू मोजायचं यंत्र आहे का? आणि आपल्या घरापुरतं सांगायचं, तर तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका, पॅड आणि कापडाच्या चिंध्या संडासात टाकू नका. पंप अडकतात ते यांनीच. परवाच मी भज्यांचं तेल ओतायला कढई उचलली होती, ती तशीच खाली ठेवली.

दिवाळीनंतर पोलादपूरला मुलगी बघायला जायचं ठरलंय. जाऊबाईंनी माहितीच्या कागदावर 'कंपनीत नोकरी' एवढंच लिहिलं होतं. पोराने ते खोडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सांडपाणी प्रक्रिया केंद्र ऑपरेटर, प्रमाणित.'