कर्व्यांच्या घरातले दोन विषय

फळ्यावर तीन शब्द होते: स्त्रीवाद, लिंगभाव, लैंगिकता. वर्ग अडला तो दुसऱ्यापाशी. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली आणि लातूरकडून आलेल्या एका मुलीने धीर करून विचारलं, "मॅडम, लिंग म्हणजे व्याकरणातलं ना?" वर्ग खदखदून हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर 'पोर' एवढाच शब्द लिहिला. "याचं लिंग सांगा." एकाने 'ते पोर' म्हटलं, दुसरीने 'ती पोर', खिडकीजवळच्या मुलाने 'हा पोर लई हुशार' असं आख्खं वाक्यच ठोकून दिलं. तिन्ही बरोबर. "शब्द तर तोच आहे," बाई म्हणाल्या, "मग बदललं काय?"

पुण्याबाहेरच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात गेल्या पावसाळ्यात मी पाहुणी म्हणून बसले होते. पुढची वीस मिनिटं घंटेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. इंग्रजीतही 'जेंडर' हा शब्द आधी व्याकरणाचाच होता. ॲन ओकलीचं 'सेक्स, जेंडर अँड सोसायटी' हे पुस्तक १९७२ साली आलं आणि शरीर जन्माला काय घेऊन येतं व समाज त्यावर काय चढवतो, हा फरक अभ्यासकांच्या बोलण्यात रुळला. मराठीने त्यासाठी 'लिंग' आणि 'लिंगभाव' अशी जोडी बनवली. 'भाव' हे शेपूट मला मूळ इंग्रजी शब्दापेक्षा बोलकं वाटतं. बाजारात भाव असतो, देवळात भाव असतो, आणि घरात मुलाला एक भाव आणि मुलीला दुसरा, हे तर आपण जन्मापासून बघतो.

स्त्री-अभ्यास हा विषय म्हणजे अमेरिकेहून आलेलं खूळ, अशी आपल्याकडे एक लाडकी समजूत आहे. विभाग, पदवी, श्रेयांक या मांडणीपुरती ती खरी आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो स्टेटमध्ये १९७० साली स्त्री-अभ्यासाचा रीतसर कार्यक्रम सुरू झाला आणि पाहता पाहता तिथल्या कॉलेजांत तो पसरला. पण त्या विभागात शिकवायचं काय, हे विचाराल तर त्याचा बराचसा ऐवज आपल्याकडे आधीपासून मराठीत पडून होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ सालची. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीची जी चर्चा मांडली, तिचा समाचार ताराबाईंनी या पुस्तिकेत घेतला. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर पुस्तिका जवळजवळ विसरली गेली. स. गं. मालश्यांनी ती पुन्हा छापून आणली १९७५ साली, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी.

त्याच १८८२ सालच्या जानेवारीत धोंडो केशव कर्व्यांना मुलगा झाला, रघुनाथ. या बापलेकांची गोष्ट आपण वेगवेगळी सांगतो. बापाची शाळेच्या पुस्तकात, लेकाची नाटक-सिनेमात. मला ती एकाच अभ्यासक्रमाची दोन पुस्तकं वाटतात. फक्त ती एका दप्तरात ठेवायची नाहीत, असं कुणीतरी ठरवून टाकलं होतं.

बापाच्या, म्हणजे अण्णासाहेबांच्या, हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि १९१५ साली सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली ते सुरू झालं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावाने आज आपण ज्याला 'एसएनडीटी' म्हणतो ते उभं राहिलं. शिकवायचं मातृभाषेतून, हा अण्णासाहेबांचा आग्रह होता, आणि तो त्या काळाच्या फार पुढचा होता. दुसरा आग्रह मात्र त्या काळाचाच होता: बाईचं शिक्षण तिच्या संसाराला साजेसं असावं. गृहशास्त्र, बालसंगोपन, आरोग्य. बाई शिकेल, पण संसार हाच प्रश्न म्हणून वर्गात येणार नाही. यावरून त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण १८९३ साली विधवेशी लग्न केल्यामुळे गावाने वाळीत टाकलेला हा माणूस. एका आयुष्यात किती भांडणं पुरी करायची?

उरलेलं भांडण लेकाने घेतलं. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला जाऊन आलेले, गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात नोकरी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मिशनऱ्यांच्या कॉलेजला ते रुचलं नाही. काम सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच आला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत वाचकांच्या प्रश्नांना सरळ, कोरडी उत्तरं. गणितातलं उदाहरण सोडवावं तशीच. जुने अंक चाळताना मला उत्तरांपेक्षा प्रश्नांनी जास्त धरून ठेवलं. घरात, देवळात, डॉक्टरकडे, कुठेच विचारता न येणारी गोष्ट माणसं एका मासिकाला पोस्टाने विचारत होती. विद्यापीठाच्या वर्गात जे यायला हवं होतं ते टपालपेटीतून येत होतं.

यातल्याच उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांवरचे ते प्रश्न होते. रघुनाथरावांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील लिहिलं असं होत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले, दंड भरावा लागला, मासिक चालूच राहिलं. पत्नी मालतीबाईंच्या कमाईने घर तगलं, हे बऱ्याच लेखांत एका ओळीत येतं. त्यावर एक प्रबंध व्हायला हवा. १९५३ साली रघुनाथराव गेले आणि मासिकही संपलं. वडील तेव्हा हयात होते. त्यांना भारतरत्न मिळालं १९५८ साली.

बापाच्या विद्यापीठात संसार हाच प्रश्न म्हणून आला तो १९७४ साली. समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांनी एसएनडीटीमध्ये स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं. देशातलं ते पहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा स्त्रियांच्या स्थितीवरच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल सरकारच्या हाती पडला. अहवाल सांगत होता: १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या, १९७१ साली ९३० उरल्या. स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, आणि बायका कमी झाल्या. या एका आकड्याने किती प्राध्यापकांच्या पायाखालची जमीन सरकली असेल. समितीच्या सदस्य-सचिव वीणा मजुमदार पुढे आयुष्यभर याच विषयात राहिल्या. १९८१ च्या एप्रिलमध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, तीही एसएनडीटीतच.

मधल्या काळात वर्गातली माणसं रस्त्यावर आली होती. देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. चौघेही कायदा शिकवणारे. तिने आरडाओरडा केला नाही म्हणजे तिची संमती होती, हे गृहीतक त्यांनी उसवून दाखवलं. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. 'संमती' हा शब्द आज कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना समजावून सांगतात. त्याच्यामागे आपल्याच गडचिरोलीकडची एक मुलगी आहे, हे मात्र त्या आठवड्यात क्वचितच सांगितलं जातं.

लैंगिकता मात्र अजून उंबऱ्याबाहेरच होती. आणि ही केवळ आपली लाजरी संस्कृती होती असंही नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड या मुलींच्या लिबरल आर्ट्स कॉलेजात १९८२ च्या एप्रिलमध्ये लैंगिकतेवर परिषद भरली. सुख आणि धोका या दोन्हींबद्दल बायकांनी मोकळेपणी बोलावं, एवढाच बेत. परिषदेसाठी एक दैनंदिनीवजा पुस्तिका छापली होती. पंधराशे प्रती. कॉलेजच्या प्रशासनाने त्या ऐन वेळी जप्त केल्या. बाहेर निदर्शनं करायला उभ्या होत्या त्याही स्त्रीवादीच. आज त्याच कॉलेजच्या विभागाच्या नावात 'सेक्शुॲलिटी' हा शब्द अधिकृतपणे आहे. विल्सन ते बर्नार्ड, सत्तावन्न वर्षं, आणि घाबरण्याची तऱ्हा तीच.

आपल्याकडे बापलेकांची ही दोन पुस्तकं एका दप्तरात घातली ती, माझ्या मते, पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी. पुणे विद्यापीठात १९८७ साली सुरू झालेल्या स्त्री अभ्यास केंद्रात त्यांनी शिकवलं. १९९५ चा त्यांचा लावणीवरचा निबंध वाचा. बाईच्या लैंगिकतेवर हक्क कुणाचा, याचं उत्तर महाराष्ट्रात जातीप्रमाणे बदलतं. एकीला सोवळ्यात कोंडायचं, दुसरीला फडावर उभं करायचं, आणि दोन्हींचा फायदा एकाच माडीवर पोचतो. हे कळायला, लिंगभाव वागण्यातून घडतो असं मांडणाऱ्या ज्युडिथ बटलर वाचून भागत नाही, बैठकीची लावणी आणि फडाची लावणी यांतला फरक ठाऊक असावा लागतो. पुढे बेबी कांबळे, ऊर्मिला पवार यांच्यासारख्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना रेगेंनी स्त्री-अभ्यासाच्या मध्यावर आणून ठेवलं. 'आम्हीही इतिहास घडवला' हे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं पुस्तक १९८९ सालचं. गावोगाव जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या तोंडून उतरवून घेतलेलं. संशोधनपद्धती म्हणून आज जे शिकवतात, ते त्यांनी एसटीने फिरून केलं. रेगे २०१३ साली गेल्या, फार लवकर.

वर्ग सुटला तेव्हा लातूरची ती मुलगी दारात थांबली होती. अभ्यासक्रमाची सगळी पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, फी ऐकली तर गावातला एक प्लॉट येईल. शिष्यवृत्तीवर आलेली. तिच्या आजोळी तमाशाचे फड उतरायचे आणि आजीला त्या बायकांशी बोलायला बंदी होती, तरी ती पाण्याला जाताना बोलायची. त्याच्यावर तिला निबंध लिहायचा होता. "पण मॅडम, आजीचं बोलणं इंग्रजीत कसं लिहू? मराठीत लिहिलं तर चालेल?"

बाईंनी क्षणभर विचार केला. नियमावलीत काय लिहिलंय ते बघावं लागणार होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "आणि बटलरच्या 'परफॉर्मेटिव्हिटी'ला आजीकडे एखादा शब्द निघाला, तर मलाही सांग."