बॅजर माणसाला का भितो?

इंग्लंडात असा एक प्राणी आहे, की ज्याच्या बिळाजवळून माणसे रोज ये-जा करतात. पण त्याला जिवंत पाहिलेली माणसे मात्र थोडीच. पुष्कळांना तो दिसतो तो मोटारीच्या धक्क्याने रस्त्याकडेला मरून पडलेला. हा प्राणी म्हणजे बॅजर.

बॅजर पाणमांजराच्या कुळातला. पाय आखूड, अंग थोराड, रंग राखी आणि पांढऱ्या तोंडावर दोन ठळक काळे पट्टे. वजन साधारणपणे १० ते १२ किलोग्रॅम. पुढच्या पायांच्या लांब नख्यांनी तो जमिनीत बिळांचे जाळे खणतो आणि त्यात कुटुंबकबिल्यासह पिढ्यान् पिढ्या राहतो. दिवस मावळला की तो बाहेर पडतो. गांडुळे हे त्याचे आवडते खाद्य. त्याची नजर अधू असते, पण नाक आणि कान अत्यंत तीक्ष्ण असतात.

पाहायचा कसा?

शाळेत जीवशास्त्र शिकवणारे अर्नेस्ट नील यांनी रात्री जागून बॅजरचे निरीक्षण केले आणि १९४८ साली ‘द बॅजर’ हे पुस्तक लिहिले. बॅजर पाहणाऱ्यांचे नियम साधे आहेत. अंधार पडण्यापूर्वीच जागा धरावी. वारा बिळाकडून आपल्याकडे येत असावा, म्हणजे आपला वास बिळापर्यंत पोहोचत नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती उठून दिसणार नाही असे बसावे आणि मुळीच बोलू नये. यातला प्रत्येक नियम बॅजरच्या ज्ञानेंद्रियांवरून ठरला आहे, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

पण न बोलण्याला एवढे महत्त्व कशासाठी?

आवाजाचा प्रयोग

ऑक्सफर्डजवळच्या वायदम वनात शास्त्रज्ञांनी याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. बॅजरसाठी खाद्य ठेवून जवळच ध्वनिक्षेपक बसवले आणि त्यांवरून अस्वल, लांडगा, कुत्रा व माणूस यांचे आवाज ऐकवले. माणसाचा आवाज म्हणजे आरडाओरडा नव्हे. साधे बोलणे किंवा पुस्तकाचे वाचन. बॅजर काय करतात ते स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपले.

अस्वलाच्या आणि कुत्र्याच्या आवाजाने बॅजर काहीसे बिचकले. परंतु माणसाचे बोलणे ऐकू येत असताना बहुतेक बॅजर खाद्याकडे फिरकलेच नाहीत. जे थोडे धीट होते, तेही फार थोडा वेळ खाऊन निघून गेले.

इंग्लंडात अस्वले आणि लांडगे शेकडो वर्षांपूर्वीच नामशेष झाले. माणसाने मात्र बॅजरचा छळ चालूच ठेवला. बॅजरवर कुत्रे सोडून मौज पाहण्याचा क्रूर खेळ तेथे होता. १८३५ साली कायद्याने त्यावर बंदी आली, तरी चोरून तो चालतच राहिला. अशा शत्रूचा आवाज ओळखून जो दूर राहील, तोच जगेल!

मग बागेत कसा येतो?

ब्रिस्टलसारख्या शहरांत बॅजर घरांमागच्या बागांतही येतात. काही लोक त्यांना भुईमुगाचे दाणे घालतात आणि खिडकीच्या काचेआडून पाहतात. हे वरच्या प्रयोगाच्या विरुद्ध नाही काय? नाही. तोच दिवा, तीच वेळ, तोच वास रोज येत राहिला आणि त्यापासून अपाय झाला नाही, तर प्राणी त्याला सरावतो. पण सरावणे म्हणजे माणसाळणे नव्हे. अनोळखी चाहूल लागताच हाच बॅजर पळ काढतो, आणि पळायला वाट नसली तर कडकडून चावतो.

मारल्याने काय झाले?

ही वागणूक समजून घेणे केवळ हौसेचे काम नाही. गाईंना होणारा क्षयरोग बॅजरमध्येही आढळतो. म्हणून १९९८ सालापासून काही वर्षे इंग्लंडात एक मोठा प्रयोग करून सुमारे ११,००० बॅजर मारण्यात आले. जेथे सर्व भागातील बॅजर वारंवार मारले, तेथे गाईंमधील रोग काहीसा घटला. पण त्या भागाच्या सीमेबाहेर तो वाढला. जेथे रोग दिसेल तेवढ्याच जागी बॅजर मारले, तेथेही तो वाढलेला आढळला. असे का व्हावे? प्रत्येक गटाची हद्द ठरलेली असते. गट मोडला की हद्दी मोडतात आणि उरलेले बॅजर दूरवर भटकू लागतात. त्यांच्याबरोबर रोगही भटकतो. प्राण्याचा स्वभाव न जाणता केलेला उपाय असा उलटू शकतो.

तुम्ही करून पाहा

आपल्याकडे हा बॅजर नाही; पण खारी आणि साळुंक्या आहेत. शाळेच्या आवारात एखाद्या खारीकडे सावकाश चालत जा. ती पळाली की थांबा, आणि ती होती तेथपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. मग वर्दळ नसलेल्या जागी असेच मोजा. निरनिराळ्या खारींची निदान दहा-दहा मोजमापे वहीत लिहून त्यांची सरासरी काढा. दोन्ही ठिकाणच्या सरासरीत फरक पडतो का? पडला तर तो कशामुळे असावा, याची चर्चा आपल्या शिक्षकांबरोबर करा.